पलीकडच्या काठाचे कांबळे अण्णा

कांबळे अण्णांच्या टेबलावर चहा ठेवायला बंदी होती. चहा साहेबांचा असला तरी. टेबल म्हणजे नकाशे काढायचं मोठं तिरकं फळकूट, त्यावर ताणून बसवलेलं ट्रेसिंगचं कापड, आणि त्यावर वाकलेले अण्णा. नव्या शिपायानं एकदा कप टेकवला, तेव्हा मान वर न करता ते म्हणाले, "उचल. धरण बुडंल." खाली खरोखरच धरणाचा नकाशा होता.

पाटबंधारे खात्याच्या कोल्हापुरातल्या एका उपविभागात ते ट्रेसर होते. इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेली रेघ शाईनं पक्की करायची, एवढंच त्यांचं काम. मी तिथं टंकलेखक म्हणून लागले तेव्हा साल एक्क्याण्णव-ब्याण्णव असेल. मी सव्वीस-सत्तावीसची, ते पन्नाशीकडे झुकलेले. बुटके, काटक, बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा डाग. तो लग्नकार्यातसुद्धा निघायचा नाही. बोलणं मोजकं. त्यांचे वडील त्या धरणाच्या भिंतीवर मजुरीला होते, ही गोष्ट त्यांनी इतक्या वर्षांत एकदाच सांगितली. तीही एका नव्या ओव्हरसियरनं भिंतीची उंची चुकीची बोलून दाखवली म्हणून. "माझ्या बानं तिथं दगड वाहिलाय," ते म्हणाले. "उंची मला सांगू नका." आणि बरोबर आकडा सांगून परत वाकले.

धरणाचं नाव मी लिहीत नाही. गगनबावड्याच्या अंगाला, डोंगरात अडवलेलं पाणी आहे, इतकं पुरे. नाव सांगितलं तर पुढच्या रविवारी तिथं गाड्या लागतील.

अण्णांचा रविवार त्या धरणावर जायचा. सायकलीवर. सायकल साधीच, बावीस इंची, काळी, मागं भक्कम कॅरियर. पण त्यांचा एक नियम होता, आणि तो ते कुणासाठीही मोडत नसत. ज्या रस्त्यावर एस.टी. धावते, त्या रस्त्यावर रविवारी सायकल चालवायची नाही.

"का हो अण्णा?" मी विचारलं होतं.

"धाकानं चालवायची आसंल तर हापिसाला येतोयच की रोज. रविवारीबी कशाला?"

मला हे पटलं. मीही रोज सायकलनंच येत असे, आणि ट्रक मागं आला की माझे खांदे कानांपर्यंत चढायचे. पण नुसतं पटून कुणी सायकल दामटत नाही. एका शनिवारी ते माझ्या टेबलापाशी आले.

"बाई, तुमची सायकल नुसती घर-हापिस करून गंजायलीय. उद्या जरा फिरवून आणू का तिला?"

"तिला एकटीला कशी पाठवू?"

"मग तुमीबी चला."

घरी दोन लहान मुलं होती. डबा करून ठेवला, नवऱ्याला मुलांची वेळापत्रकं सांगितली आणि गेले. त्यानंतर सात-आठ वर्षं, जमेल त्या रविवारी जात राहिले. आमच्यात आणखी एक होते, भांडारपाल साळुंखे. वजन पंचाण्णव किलो. त्यांना डॉक्टरनं चालायला सांगितलं होतं, ते म्हणायचे चालण्यापेक्षा बसून जाणं बरं.

धरणापर्यंत एस.टी.नं जायचं, सायकली टपावर. रंकाळा स्टँडवर दर वेळी कंडक्टरशी तीच झटापट.

"ओ पावणं, सायकल हाय न्हवं? मग एस.टी.त कशाला बसताय?"

"ह्यो रस्ता तुमचा हाय," अण्णा म्हणायचे. "आमचा म्होरं लागतोय."

"म्होरं कुटं?"

"तुमची गाडी जितं माघारी फिरती, तितनं."

"सायकलीला हाफ तिकीट पडंल बगा."

"पडू दे की," साळुंखे मागून ओरडायचे. "पर तिला खिडकीजवळची शीट द्या."

गाडी धरणाच्या भिंतीपाशी माघारी फिरायची. तिथून पुढं, पलीकडच्या काठानं, एक वाट होती. धरणाच्या आधीच्या काळात त्या डोंगरातून बैलगाड्यांनी लाकूड आणि कोळसा यायचा, त्याची. निम्मी पाण्याखाली गेली, वरची निम्मी राहिली होती. मधे जिथं तुटली होती तिथं गुरांनी पायवाटेनं जोडून घेतलेली. तिच्यावर मोटार जाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मोटारीला कुठं जायचंच नव्हतं. शेवटाला आठ घरांचा एक धनगरवाडा, आणि संपलं.

ते पाणी डोंगरात हाताच्या पंजासारखं शिरलं आहे. प्रत्येक बोटाच्या टोकाला एक ओढा. काठानं जायचं तर प्रत्येक बोट आतपर्यंत जाऊन, ओढा ओलांडून, परत बाहेर यावं लागतं. समोरच्या झाडावरचं माकड दिसतं, दगड मारला तर लागेल इतकं जवळ, आणि तिथं पोचायला अर्धा तास. साळुंख्यांना याचा फार राग यायचा. अण्णांना तेच आवडायचं. चेनचा आवाज, कुठंतरी खंड्या, आणि एकदा उजवीकडे दिसलेलं पाणी पुढच्या वळणाला डावीकडे. कुणी बोललंच तर ते नुसती जीभ टाळूला लावून च्यक करायचे.

त्यांच्या सायकलीवर दोन गोष्टी अशा होत्या की बघणारा आधी हसायचा. एक, पुढच्या चाकाच्या आरीला पत्र्याची पट्टी. चाकाची एक फेरी झाली की ती चिमट्याला लागून टक वाजायची. एक टक म्हणजे सात फूट चार इंच. अण्णा मनात मोजायचे. शंभर टक झाले की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात. धनगरवाडा एकोणपन्नास चिंचोक्यांवर होता, म्हणजे अकरा किलोमीटरला थोडा कमी.

दुसरी, दांडीला आडवी बांधलेली सलाईनची बाटली, निम्मी पाण्यानं भरलेली. तिच्यावर त्यांच्या मुलीच्या नेलपॉलिशनं ओढलेल्या तीन लाल रेघा. सायकल चढाला लागली की बाटलीतलं पाणी मागं सरकायचं. तिसऱ्या रेघेला टेकलं म्हणजे वीस फुटांना एक फूट चढ. त्याच्या वर गेलं की अण्णा हुकूम सोडायचे, "उतरा." जोर आहे, चढवून दाखवतो, असं तिथं चालायचं नाही. सगळ्यांनी उतरायचं, सायकली तिथंच उभ्या करायच्या, आणि अण्णा एकटे वर-खाली हिंडून चढ टाळणारी दुसरी बाजू शोधायचे. कधी दहा मिनिटं, कधी तास. सापडली की काट्या तोडून खूण. पुढच्या रविवारी आम्ही तिथून जायचो.

अशी तीन-चार वर्षं गेली आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की धनगरवाड्यापर्यंत आम्ही कुठंच उतरत नाही. साळुंखेसुद्धा.

हे सगळं एका वहीत उतरलेलं असायचं. लांबट, पाठकोरी, पुठ्ठ्यात शिवलेली. चिंचोका पहिला, चढ दीड रेघ, उजव्या हाताला खडक. चिंचोका दुसरा, सपाट, मुरूम. वही कॅरियरला रबरी पट्ट्यानं बांधलेली. कशासाठी लिहिता, असं विचारलं तर म्हणायचे, "ट्रेसर हाय मी. आयुष्यभर दुसऱ्याची रेघ ओढली. ही माझी."

एकदा साळुंख्यांनी गंमत म्हणून विश्रांतीच्या वेळी त्यांच्या उजव्या खिशात चार चिंचोके जास्तीचे टाकले. धनगरवाडा त्रेपन्नावर आला. अण्णांनी मोजले, परत मोजले, वाड्याकडे असं बघितलं, जणू तोच सरकून बसला असावा. साळुंख्यांनी परतीच्या गाडीत हसत कबूल केलं. अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "साळुंखे, भांडारातली तुमची सिमेंटची पोती मी मोजाय येऊ का एक दिवस?" पुढच्या रविवारी अण्णा एकटे गेले आणि पहिल्यापासून सगळं मोजून आले.

धनगरवाड्यावर आमचा मुक्काम हौसाबाईंच्या अंगणात असायचा. पासष्टीच्या असतील. उंच, वाळक्या, आवाज डोंगरापलीकडे जाईल असा. पहिल्यांदा गेलो तेव्हा ताकाचा तांब्या पुढं ठेवून त्यांनी आम्हाला नीट न्याहाळलं.

"पावणं, कुणाच्या मयताला आलाय?"

"न्हाय ओ मावशी. असंच. सायकलीवनं हिंडाय."

"देवाला?"

"न्हाय."

"पोटासाठी न्हाय, देवासाठी न्हाय, मग एवढं ऊन घेत हिंडताय कशाला?"

अण्णांनी जरा विचार केला. "हितं हॉर्न ऐकू येत न्हाय, मावशी. गाडी न्हाय, गर्दी न्हाय. म्हणून येतोय."

"व्हय व्हय," त्या म्हणाल्या. "आमाला ईट आलाय त्येचा."

साळुंखे हसले. अण्णा नाही हसले. पण दुसऱ्या रविवारीही आम्ही गेलोच. हौसाबाईंनी ताक दिलंच.

बुद्धपौर्णिमेची फेरी ठरलेली असायची. त्या दिवशी अण्णांच्या घरून खिरीचा मोठा डबा यायचा, तो वाड्यावर उघडायचा. अण्णांच्या बायको सायकलवर कधी बसल्या नाहीत, पण डबा बांधताना त्यांचा एक ठरलेला निरोप असायचा. हौसाबाईंना सांगा, डबा धुऊन पाठवू नका, करवंदं भरून पाठवा.

मग धनगरवाड्याच्या रस्त्याचं प्रकरण आलं. वाड्यावरच्या लोकांनी अर्ज केला होता. पावसाळ्यात चार महिने कोंडल्यासारखं होतं, आजारी माणूस झोळीतून न्यावा लागतो, पोरं शाळेला जात नाहीत. रस्ता करणारं खातं वेगळं, पण काठची जमीन आमची, म्हणून आमच्या कचेरीचं मत मागवलं. आमच्या उपअभियंता साहेबांनी ओव्हरसियर पाठवला. त्यानं जे कुणीही करतं ते केलं. नकाशावर भिंत आणि वाडा यांच्यामधली जवळातली जवळ रेघ धरली. ती खिंडीतून जात होती. खडक फोडायचा, चढ असा की भरलेली गाडी उलटी सरकावी. मत गेलं, "सदर रस्ता अव्यवहार्य आहे." ते पत्र मी टाइप केलं. सोबतचा नकाशा अण्णांनी शाईनं केला. खिंडीतली ती रेघ त्यांनी सुरेख ओढली होती.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी त्यांच्या टेबलापाशी गेले.

"अण्णा, तुमची वाट खिंडीतून जात नाही."

"न्हाय."

"तिच्यात तिसऱ्या रेघेच्या वर काही नाही ना?"

"ती सायकलची वाट हाय."

"सायकल न उतरता जाते तिथून एस.टी. जाणार नाही?"

अण्णांनी पेन पुसलं. "बाई, तुमी टायपिंग करा."

असं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी टायपिंग केलं. त्यांना दोष द्यायचा तर मला निम्मा घ्यावा लागेल, कारण साहेबांची केबिन माझ्या टेबलापासून सहा पावलांवर होती. मलाही माझा रविवार हवा होता.

मधे दोन वर्षं गेली. आम्ही जात राहिलो. वाड्यावर रस्त्याचा विषय निघाला की अण्णा उठून सायकलीचं काहीतरी तपासायला लागायचे. ब्रेक, चेन, नाहीतर नुसतंच चाक फिरवून बघायचे. हौसाबाई म्हणायच्या, "त्यो सायब म्हनला हुत न्हाय. आता डोंगरच तसा, त्यो तरी काय करंल बिचारा." त्या साहेबांची बाजू घेत होत्या. ते ऐकायला फार वाईट होतं.

त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला आम्ही खिरीचा डबा घेऊन अकराच्या सुमाराला पोचलो, तर अंगणात ताकाचा तांब्या नव्हता. हौसाबाई आत घोंगड्यावर पडलेल्या. आदल्या दिवशी दुपारी करवंदं काढताना दगडी बांधाची ताल कोसळली आणि डावा पाय मांडीत मोडला. पाय कलिंगडासारखा सुजला होता. वाड्यावरचे बाप्ये मेंढरं घेऊन लांब गेलेले, मुलगा त्यांना आणायला पहाटेच निघाला होता. तो माणसं घेऊन परत येईल, झोळी बांधतील, मग निघतील. म्हणजे संध्याकाळ.

"तुमच्यासाठीच काढत हुते," त्या अण्णांना म्हणाल्या. "डबा मोकळा जायाचा न्हवं."

अण्णा बाहेर आले. दोन मिनिटं सायकलींकडे बघत उभे राहिले. मग भराभर कामाला लागले. त्यांची आणि साळुंख्यांची सायकल शेजारी शेजारी उभी केली, मधे हातभर जागा. दोन्हींच्या दांडीला आडवे बांबू बांधले, एक पुढं, एक मागं. त्यावर दोन उभे बांबू, आणि त्यांना घोंगडं ताणून शिवून टाकलं. सुतळी आणि दाभण वाड्यावरचीच. पाय मी बांधला, दोन फळ्या आणि माझी ओढणी. मला प्रथमोपचाराचं ट्रेनिंग होतं, ते आयुष्यात एकदाच कामी आलं. हौसाबाईंना उचलून ठेवलं तेव्हा त्यांनी आमच्या तिघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

अण्णा एका बाजूनं, साळुंखे दुसऱ्या बाजूनं हँडल धरून चालत. मी मागून बांबू धरून. माझी सायकल वाड्यावरच राहिली. अकरा किलोमीटर. मे महिन्याचं ऊन.

"हळू रं! हाडं हायती, जळण न्हाय!"

"मावशी, बोलू नका, दम लागंल," साळुंखे म्हणाले.

"दम तुला लागायलाय. मी झोपलीया."

तीन ओढे ओलांडले. हौसाबाईंचे डोळे मिटलेले होते, मला वाटलं शुद्ध गेली. तेवढ्यात त्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "अण्णा, ही वाट कुनी काढली?"

अण्णा म्हणाले, "जुनीच हाय."

"जुनी कसली? जुनी मला म्हाईत हाय, तिच्यात दोन घसरंड्या हुत्या. माझी सासू एकीत मेली. ही निराळी हाय. आडवी पडलीया म्हणून कळतंय. माझं डोस्कं पायाच्या खाली एकदाबी गेलं न्हाय."

साळुंख्यांनी अण्णांकडे बघितलं.

"मग त्यो सायब कशापायी म्हनला रस्ता हुत न्हाय?"

दोन्ही सायकलींची चाकं फिरत होती. अण्णांच्या चाकाची पट्टी टक टक वाजत होती. मी मागून बघत होते. त्या दिवशी त्यांनी एकही चिंचोका खिसा बदलून ठेवला नाही.

"मावशी," ते म्हणाले, "सायबाला म्हाईत न्हवतं. मला म्हाईत हुतं."

हौसाबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. शिव्या त्यांना भरपूर येत होत्या, त्यातली एकही त्यांनी दिली नाही. "पानी द्या जरा," एवढंच म्हणाल्या.

भिंतीपाशी पोचायला साडेचार तास लागले. तिथून जीप मिळाली. डॉक्टर म्हणाले, काल संध्याकाळपर्यंत आणलं असतं तर नीट बसला असता. आता बसेल, पण पाय आखूड राहील. राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी ती लांबट वही साहेबांच्या टेबलावर ठेवली. दार उघडंच होतं आणि आमची कचेरी लहान.

"हे काय आहे, कांबळे?"

"धनगरवाड्याचा रस्ता, साहेब."

साहेबांनी पानं उलटली. पाच मिनिटं. "तीन किलोमीटर लांब जाते ही."

"लांब जाती म्हणून चढत न्हाय. पाण्याच्या कडंनं, पातळी धरून. सगळीकडं वीसास एकच्या आत."

"मोजलं कशानं?"

"बाटलीनं, साहेब."

साहेब हसले नाहीत, याचं श्रेय त्यांना देते. "किती दिवसांपासून आहे ही वही?"

"मागच्या प्रस्तावाच्या आधीपासनं."

"तेव्हा कुठं होती?"

"कॅरियरला."

"दोन वर्षं?"

"व्हय साहेब. दोन वर्षं."

ओव्हरसियर परत गेला, या वेळी चढ-उतार मोजायचं खरं लेव्हल यंत्र घेऊन, आणि पुढं अण्णा. आठ दिवसांनी तो परत आला आणि मला म्हणाला, "बाई, दोन जागा सोडल्या तर यंत्र आणि बाटली सारखंच बोलतात. त्या दोन जागांतसुद्धा मला अजून यंत्राचाच संशय आहे."

त्याच आठवड्यात अण्णांनी माझ्यापुढं हातानं लिहिलेला एक कागद ठेवला, टाइप करायला. माहिती असूनही मागील प्रस्तावाच्या वेळी मी ती कार्यालयास दिली नाही, याबद्दल योग्य ती कारवाई व्हावी.

"हा कुणी मागितलाय?"

"कुणी न्हाय."

"मग?"

"मग टायपिंग करा की बाई." या वेळी आवाज वेगळा होता.

मी केलं. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "कांबळे, निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. हा घेऊन जा." अण्णांनी नेला नाही. कागद चार दिवस टेबलावर पडून होता, मग दिसेनासा झाला. त्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. नवा नकाशा अण्णांनी नऊ दिवस घेऊन केला. असं काम मी त्या टेबलावर परत पाहिलं नाही. प्रत्येक ओढा, प्रत्येक वळण. खालच्या कोपऱ्यात अनुरेखकाची, म्हणजे ट्रेसरची, सही असते, तेवढीच त्यांची. साळुंख्यांनी विचारलं, "अण्णा, आता एस.टी. येणार. आपलं काय?" अण्णा म्हणाले, "आपलं काय? आपुन पावणं हुतो तितं."

सरकारी रस्ता व्हायला जेवढी वर्षं लागतात तेवढी लागली. अण्णा निवृत्त झाले. सुरुंग लागायला लागल्यावर आमच्या फेऱ्या थांबल्या. माझी जयसिंगपूरला बदली झाली आणि मी परतही आले. कोल्हापुरात गिअरच्या सायकली आणि हेल्मेटं दिसायला लागली. त्या चालवणारे काही डॉक्टर वाटा विचारायला अण्णांच्या घरी जायचे, आणि रोज किती किलोमीटर मारतो ते सांगायचे. अण्णा त्यांना सरबत द्यायचे आणि वाटेत कुठं कुठं थांबलात, ते विचारायचे.

त्यानंतरही अण्णा मला भेटले, एका लग्नात, एकदा भाजी मंडईत. त्या भेटी मी धरत नाही. माझ्या हिशेबी त्यांची शेवटची भेट रस्त्यावरून पहिली एस.टी. गेली त्या दिवशीची.

गाडी हारांनी मढवलेली. पुढारी जीपमधून आधीच पुढं गेलेले. गाडीत आमच्या कचेरीतर्फे मी आणि साळुंखे, बाकी वाड्याच्या नातलगांचं शिरोळ-हातकणंगल्याकडून आलेलं सगळं गणगोत. भिंतीपाशी अण्णा सायकल घेऊन उभे होते. आत या म्हटलं तर नको म्हणाले. गाडी निघाली, दोन ओढे झाले आणि तिसऱ्याच्या वळणावर ड्रायव्हरनं ब्रेक मारला. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला नवा भराव, त्याखाली पाणी.

"म्या न्हाय न्हेत," तो म्हणाला. "भराव कच्चा हाय. खचला तर?"

कंडक्टर खाली उतरला, वर आला. बायका एकदम बोलायला लागल्या. एवढ्यात मागून सायकल आली. अण्णा खिडकीपाशी थांबले.

"काय झालं?"

"पावणं, जागा न्हाय हितं."

"सात फूट जागा जादा हाय. माझ्या मागनं या. मी जिथनं जातोय, तिथनं तुमचं डावं चाक. माझी रेघ सोडू नका."

"तुमी कोण?"

साळुंख्यांनी खिडकीतून पंचाण्णव किलोंचं निम्मं शरीर बाहेर काढलं. "आरं, त्यांनीच काढलाय ह्यो रस्ता! चल गप!"

आणि अण्णा पुढं, एस.टी. मागं, अशी वरात निघाली. मी पहिल्या सीटवर होते. काचेतून त्यांची पाठ दिसत होती, घामानं भिजलेला पांढरा शर्ट. वळण झालं, पुढचंही झालं. आता रस्ता चांगला रुंद होता, ड्रायव्हरची भीती गेली होती, आणि भीती गेली की ड्रायव्हरला घाई होते. त्यानं हॉर्न दिला. अण्णा हलले नाहीत. परत दिला. सगळ्या डोंगरातून तो हॉर्न फिरून आला. अण्णा आपल्या चालीनं, प्रत्येक बोटात आतपर्यंत, ओढा ओलांडून, बाहेर. त्यांच्या वेगानं चाळीस माणसं आणि एक गाडी. "सायकल हाय का बैलगाडी!" ड्रायव्हर म्हणाला, पण त्यानं ओव्हरटेक केलं नाही.

वाड्यावर हलगी वाजत होती. हौसाबाई काठी टेकत पुढं आल्या, गाडीच्या चाकाला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. मग हाराचं ताट घेऊन इकडंतिकडं बघायला लागल्या. पुढाऱ्यांना हार घालून झाले होते. एक उरला होता.

"अण्णा कुठं गेले?" मी विचारलं.

"मीबी त्येलाच बघायलीया." त्यांनी डोळ्यांवर हात धरला, आणि काठीनं वर दाखवलं. "त्यो बग. गेला की."

रस्ता संपतो तिथून वाड्याच्या मागं एक पायवाट चढते. तिच्यावर अण्णा सायकल ढकलत निघाले होते.

"वर काय आहे?"

"वर दुसरी खिंड. तिच्या पल्याड दुसरं पानी हाय, ल्हान धरण. त्येच्या कडंला सहा घरं." हौसाबाईंनी हार आपल्याच खांद्यावर टाकला. "तितं अजून कायबी जात न्हाय."

साळुंख्यांनी ड्रायव्हरला सांगून लांब हॉर्न मारायला लावला, बोलवायला म्हणून. हलगीसुद्धा थांबली. अण्णा चढ संपेपर्यंत ढकलत राहिले. वर पोचल्यावर वाकून पुढच्या चाकाशी, ती पट्टीच असणार, काहीतरी नीट केलं, टांग टाकली आणि पलीकडे उतरले.